गुलाब निवडावा पानावरून

डिसेंबर-जानेवारीत पुणे-सोलापूर रस्त्याला, उरुळी कांचनच्या आसपास, रोपवाटिकांच्या दारात काळ्या पिशव्यांतल्या गुलाबांच्या रांगा लागलेल्या असतात. प्रत्येक रोपावर एखाददुसरे टपोरे फूल असतेच. गिऱ्हाईक रंग बघते, वास घेते, थोडी घासाघीस करते आणि रोप उचलते. जुलै लागला की त्याच रोपाच्या पानांवर काळे ठिपके उमटतात, पाने पिवळी पडून गळतात आणि गणपती येईपर्यंत कुंडीत नुसत्या काड्या उरतात. मग कोणीतरी जाणकार सांगतो, गुलाब म्हटला की फवारणी आलीच.

खरेच आलीच का? गेल्या पन्नासेक वर्षांत जर्मनी आणि अमेरिकेत, आणि थोडे भारतातही, या समजाला धक्का देणारे काम झाले आहे. बुरशीनाशकाचा थेंबही न घेता पानांनी भरलेले राहणारे गुलाब आज उपलब्ध आहेत. पण परदेशातली यादी उचलून इथे लावली, तर फसगत होण्याची शक्यता बरीच. कारण रोगाला तोंड देणे हा एकट्या वाणाचा गुण नाही. वाण कोणता, बुरशी कोणती आणि बाग कुठे, या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. तो इथे मांडून पाहू.

रोग कोणते, कधी येतात

महाराष्ट्रातल्या बागेत गुलाबाला मुख्यतः तीन बुरशीजन्य रोग छळतात: काळे ठिपके, भुरी आणि शेंडेमर. केवडा, ज्याला फूलशेतीवाले ‘डाऊनी’ म्हणतात, तो अंगणापेक्षा पॉलिहाऊसमध्ये जास्त. तांबेरा थंड, डोंगराळ प्रदेशातला. आपल्या सपाटीवरच्या बागेला त्याची फारशी चिंता नाही.

काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीचे नाव डिप्लोकार्पॉन रोझी. तिचा बीजाणू रुजायला पानावर पाणी लागते आणि ते सलग सातेक तास टिकावे लागते. त्याआधी पान वाळले तर लागण होत नाही. पान ओले राहिले आणि हवा विशी-पंचविशीतल्या अंशांवर रेंगाळली, की आठवडा-दहा दिवसांत ठिपके दिसू लागतात. या बुरशीचा प्रसार मुख्यतः शिंतोड्यांतून होतो. पावसाचे किंवा पाइपाचे पाणी आपटून उडते आणि खालच्या पानावरची बुरशी वरच्या पानावर पोचवते. म्हणून रोग बुडाकडून शेंड्याकडे सरकतो.

नुसते पावसाचे आकडे पाहून फसायला होते ते यामुळेच. पुण्याचा वार्षिक पाऊस साधारण ७०० मिलीमीटर, नागपूरचा हजाराच्या वर. तरी या बुरशीला पुण्याचा जुलै-ऑगस्ट अधिक मानवतो. ढगाळ आभाळ, सुखद गारवा आणि दिवसभर चाललेली भुरभुर. पाऊस मोजायला गेले तर नगण्य, पण पान काही वाळत नाही. विदर्भात सर जोरात कोसळते, हवा अधिक उबदार असते आणि उघडीप मिळाली की ऊन पान वाळवून टाकते. मुंबईत पाऊस २,२०० मिलीमीटरच्या वर आणि महाबळेश्वरात ५,५०० च्या आसपास. तिथे पान वाळायची वाट पाहण्यातच पावसाळा संपतो. तेव्हा आपल्या गावात पाऊस किती पडतो याहून, आपल्या अंगणात पान किती तास ओले राहते हे पाहावे. एकाच सोसायटीत पूर्वेच्या गच्चीवरचा गुलाब बरा आणि उत्तरेच्या भिंतीशी लावलेला बोडका, हे कोडे तिथेच सुटते.

भुरीचे गणित अगदी उलटे. पानावर साचलेले पाणी तिच्या बीजाणूला रुजायला अडचणच करते. तिला हवी दिवसा पंचवीस-सत्तावीस अंशांची कोरडी ऊब आणि रात्री पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरलेला पारा, सोबत पहाटेचा दमटपणा. पुणे, सातारा, नाशिक पट्ट्यातले नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने तिच्यासाठीच आखल्यासारखे असतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आलेली कोवळी, लालसर पालवी आधी कडेने वर वळते, मग तिच्यावर आणि कळीच्या मानेवर पांढरी पूड दिसते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. द्राक्षावरची भुरी वेगळ्या बुरशीची, गुलाबावरची वेगळ्या. पण दोघींनाही कोवळी पालवी आणि दाट सावली आवडते.

शेंडेमर हा तिसरा, आणि बरेचदा झाड खरोखर मारतो तो हाच. छाटणीच्या कापावरून फांदी काळी-तपकिरी पडत खाली उतरते. एकाहून अधिक बुरशी यात असतात आणि त्या अशक्त झाडाला धरतात. सलग दोन पावसाळे पाने गमावलेले, मुळाशी पाणी साचलेले किंवा वयस्कर झालेले झुडूप यात जाते. शेंडेमरीला दाद न देणारा वाण शोधण्यापेक्षा पाने टिकवणारा, जोमदार वाढणारा वाण शोधावा. कारण पाने टिकली तर फांदीत ताकद राहते. छाटणीनंतर कापावर बोर्डो पेस्ट लावायची ती याचसाठी: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी.

रोग ओळखण्यात चूक झाली तर निवडीतही होते. साधे भिंग घ्यावे आणि ठिपक्याची कड पाहावी. काळ्या ठिपक्यांच्या रोगात कड सरळ नसते, तिच्यातून बारीक तंतू बाहेर फुटलेले दिसतात आणि भोवतीचे पान पिवळे पडलेले असते. ठिपका लहान, कड जांभळट-तांबडी आणि मधला भाग राखाडी असेल, तर तो सर्कोस्पोरा बुरशीचा असण्याची शक्यता जास्त. खालची पाने तशीच हिरवी राहून फक्त उन्हाकडची पाने करपली असतील, तर रोग नाहीच. दुपारच्या उन्हात मारलेल्या औषधाने पान भाजले असावे.

प्रतिकार म्हणजे नेमके काय

रोपवाटिकेत ‘हा रोगाला बळी पडत नाही’ असे सांगतात तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही असू शकते. काही वाणांच्या पानावर बुरशी शिरूच शकत नाही. काहींत शिरते, पण ठिपका मोहरीएवढा होऊन थांबतो. काहींना ठिपके येतात, तरी पाने गळत नाहीत. आणि काही पाने गाळतात, पण पाऊस ओसरताच महिन्याभरात पुन्हा भरून येतात. पहिल्या दोन प्रकारांना प्रतिकारक म्हणावे, शेवटच्या दोन प्रकारांना सहनशील. घरच्या बागेला सहनशील वाणही पुष्कळ झाले. काहीच न होणारा गुलाब शोधत बसले तर हाती फार थोडे लागतात.

दुसरी गुंतागुंत बुरशीची. काळे ठिपके पाडणारी बुरशी सगळीकडे एकसारखी नसते. तिचे अंतर्गत प्रकार आहेत, शास्त्रज्ञ त्यांना ‘रेस’ म्हणतात, आणि आजवर डझनभराहून अधिक रेस नोंदल्या गेल्या आहेत. वाणाकडे एखादे प्रतिकाराचे जनुक असते ते कुलपासारखे काम करते. ज्या रेसकडे त्याची किल्ली नाही ती बाहेर राहते, जिच्याकडे आहे ती सरळ आत शिरते. ‘आरडीआर १’ हे असेच एक जनुक जपानी रानगुलाबात, म्हणजे रोझा मल्टिफ्लोरात, सापडले. असा एकाच जनुकावर उभा असलेला वाण एका गावात वर्षानुवर्षे स्वच्छ राहतो आणि दुसऱ्या गावात पहिल्याच पावसाळ्यात झोपतो. वाण तोच, रेस वेगळी. याउलट अनेक लहान-लहान जनुकांतून आलेला प्रतिकार कधी पूर्ण नसतो, पण तो सहसा टिकाऊ असतो.

गमतीची गोष्ट अशी की रोझा मल्टिफ्लोरा आपल्याकडे खुंट म्हणूनही वापरतात. म्हणजे प्रतिकाराचे जनुक जमिनीखाली आणि रोगट पान वर, असेही होऊ शकते. खुंटामुळे झाडाचा जोम वाढतो, मुळांना माती मानवते, आयुष्य वाढते. पण खुंटाचा पानावरच्या रोगाचा प्रतिकार डोळा भरलेल्या वाणाच्या पानात चढत नाही. ‘खुंट चांगला आहे, रोग येणार नाही’ हा विक्रेत्याचा दावा म्हणून मान्य करू नये.

तकतकीत पान म्हणजे निरोगी पान, हाही असाच अर्धा खरा समज. मेणचट, जाड पानावर भुरी सहसा कमी रमते. पण काळ्या ठिपक्यांची बुरशी पानाचे आवरण थेट भेदून आत जाते. पुष्कळसे पिवळे गुलाब तकतकीत पानांचे असूनही ठिपक्यांना पहिले बळी पडतात. त्यामागे इतिहास आहे.

पान मागे कसे पडले

आजच्या हायब्रिड टी गटाची सुरुवात फ्रान्समध्ये १८६७ साली आलेल्या ‘ला फ्रान्स’ या वाणापासून मानतात. चिनी गुलाबांची वर्षभर फुलण्याची सवय आणि युरोपीय गुलाबांचा भरदारपणा या गटात एकत्र आला. पण गडद पिवळा रंग काही मिळत नव्हता. तो लिआँच्या जोसेफ पेर्ने-द्यूशे यांनी ‘पर्शियन यलो’ या पश्चिम आशियातल्या गुलाबाशी संकर करून मिळवला. १९०० साली त्यांचा ‘सोलेय द्ऑर’ बाजारात आला. पुढे आलेले पिवळे, नारिंगी, दुरंगी गुलाब बहुतांशी याच घराण्यातले. ‘पर्शियन यलो’चा मूळ गुलाब कोरड्या प्रदेशातला, काळ्या ठिपक्यांपुढे अगदी दुबळा. रंगाबरोबर हा दुबळेपणाही घराघरात पोचला.

मग प्रदर्शने आली. अमेरिकन रोज सोसायटीच्या गुणपत्रकात १०० पैकी आकाराला २५, रंगाला २० आणि देठ व पाने यांना मिळून २० गुण असतात. शिवाय तिथे पाहतात ते फुलदाणीतल्या एका दांड्यावरचे, पुसून-निवडून मांडलेले पान. झुडूप ऑगस्टमध्ये कसे होते हे परीक्षकाला कळायला मार्ग नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त, परिणामकारक बुरशीनाशके मिळू लागली आणि पैदासकारांनी आपली रोपे फवारणीखालीच वाढवली. फवारलेल्या शेतात रोगट रोप आणि निरोगी रोप यांतला फरक दिसत नाही. मग निवड उरली ती फुलावर. ‘सुपरस्टार’, ‘ख्रिश्चन डिऑर’, ‘पापा मेयाँ’, ‘डबल डिलाइट’ हे आपल्याकडच्या गुलाबप्रेमींच्या जिव्हाळ्याचे वाण या काळाची देणगी आहेत. फुले अप्रतिम, आणि भुरीच्या तक्रारी जगभर.

परतीची वाट

या दिशेविरुद्ध गेलेल्यांत अमेरिकेच्या आयोवा राज्य विद्यापीठातले ग्रिफिथ बक आघाडीवर. त्यांनी आपले गुलाब फवारणीशिवाय आणि आयोवाच्या कडक हिवाळ्यात वाढवले, जे जगले ते ठेवले. त्यांचा ‘केअरफ्री ब्यूटी’ १९७७ साली आला. त्याच्याच वंशातून पुढे मिल्वॉकीच्या विल्यम रॅडलर यांनी ‘नॉक आउट’ घडवला. रॅडलर यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. ते ठिकठिकाणची ठिपक्यांची रोगट पाने गोळा करत, वाळवून त्यांची पूड करत, ती आपल्या रोपांवर टाकत आणि वरून पाणी शिंपडत. म्हणजे ज्या रोगापासून इतर जण रोपे वाचवत होते, तो ते हाताने पसरवत होते. त्यातून जे रोप हिरवे राहिले ते ‘नॉक आउट’. २००० साली ते बाजारात आले आणि अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या गुलाबांत गेले.

पण याच वाणाची पुढची कथा ध्यानात ठेवावी. गुलाबावरचा रोझेट हा विषाणूजन्य रोग अमेरिकेत एका सूक्ष्म कोळ्यामार्फत पसरला, आणि ‘नॉक आउट’ त्यापुढे टिकला नाही. सगळीकडे एकच वाण लावलेला असल्याने रोगाला रानच मोकळे मिळाले. बुरशीला दाद न देणारा गुलाब विषाणूला किंवा किडीला दाद देणार नाही, असे नसते. आपल्याकडेही हीच अडचण वेगळ्या रूपात येते. काळ्या ठिपक्यांतून सुटलेले झुडूप एप्रिलमध्ये लाल कोळी आणि फुलकिडे यांनी कोमेजते. रोगप्रतिकारक आणि कीडप्रतिकारक हे दोन वेगळे गुण आहेत.

जर्मनीने व्यक्तीऐवजी व्यवस्थेवर भर दिला. तिथल्या ‘एडीआर’ चाचणीत नवे वाण देशातल्या वेगवेगळ्या बागांत तीन वर्षे लावून पाहतात. १९९७ पासून या चाचणीत रोगनाशकांची फवारणी पूर्ण बंद आहे. कॉर्डेस या जुन्या पैदासकार घराण्याने तर त्याच्याही आधी, १९९० च्या सुमारास, आपल्या शेतात बुरशीनाशके मारणे थांबवले. त्याच घराण्यातल्या विल्हेल्म कॉर्डेस यांना काही दशके आधी रोझा रुगोझा आणि रोझा विचुराना यांच्या संकरातून एक रोप हाती लागले होते. ‘रोझा कॉर्डेसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या रोपाची दणकट, तकतकीत पाने पुढच्या अनेक वेली-गुलाबांत उतरली.

आपल्याला अधिक जवळचे काम टेक्सासचे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ‘अर्थ-काइंड’ चाचण्यांत फवारणी नाही, खत नाही, रोप धरल्यावर पाणीही बेताचे. फक्त मुळाशी आच्छादन. त्यातल्या काही जागा क्षारयुक्त, काळ्या, चिकण मातीच्या आणि रणरणत्या उन्हाळ्याच्या. ज्याने मराठवाड्यातली काळी जमीन पाहिली आहे, त्याला ही अट ओळखीची वाटेल. या यादीत आलेले ‘बेलिंडाज ड्रीम’, ‘द फेअरी’, ‘म्युटाबिलिस’, ‘सी फोम’ आणि ‘डचेस द ब्राबाँ’ म्हणूनच जर्मन यादीतल्या नावांपेक्षा आपल्याकडे आधी करून पाहण्यासारखे. हिवाळ्यातला भुरीचा प्रश्न तिथे वेगळा असल्याने डोळे झाकून मात्र नको.

भारतातले काम

भारतीय गुलाबांच्या इतिहासात डॉ. बी. पी. पाल यांचे स्थान वेगळे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक, १९६५ साली नेमलेले. गव्हावरच्या तांबेऱ्याला तोंड देणारे वाण घडवणे ही त्यांची आयुष्यभराची कामगिरी. बुरशीची रेस बदलली की वाण कसा कोलमडतो हे त्यांच्याइतके थोड्यांना ठाऊक असेल. गुलाब हा त्यांचा छंद होता, पण कसून केलेला. ‘रोज शरबत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘डॉ. होमी भाभा’ हे त्यांचे वाण. भारतीय हवेत फुलणारे गुलाब भारतातच घडवावेत, ही दिशा त्यांनी दाखवली.

ती दिशा मुळापर्यंत नेली कोडाईकनालच्या एम. एस. वीरराघवन यांनी. त्यांचे म्हणणे साधे: युरोपात घडलेल्या गुलाबांत थंड प्रदेशातले रक्त जास्त, म्हणून ते आपल्या दमट उष्म्यात दमतात. मग आपल्या भागातल्याच रानगुलाबांकडे का जाऊ नये? त्यांनी दोन जाती निवडल्या. रोझा क्लिनोफिला ही गंगेच्या खोऱ्यातल्या पाणथळ काठावर वाढणारी, पावसाळ्यात पाण्यात उभी राहणारी. रोझा जायगँटिया ही मणिपूर-नागालँडच्या डोंगरांतली प्रचंड वेल. जायगँटियाच्या संकरातल्या एका गुलाबाला त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माल यांचे नाव दिले. कोकण-गोव्याच्या दमट पट्ट्याला पुढेमागे खरे उत्तर मिळेल ते अशा कामातून, युरोपच्या पुरस्कारांतून नव्हे. अडचण एवढीच की हे वाण कोपऱ्यावरच्या नर्सरीत सहजी मिळत नाहीत.

गटागटाने पाहू

मोठ्या फुलांच्या हायब्रिड टी गटात निरोगी वाण थोडे आहेत. लाल फूल हवे असेल तर ‘ग्लॅडिएटर’ बरा. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी तो वर्षानुवर्षे उघड्या शेतात पिकवला, यातच त्याच्या चिवटपणाची साक्ष आहे. ‘पीस’चे फूल कितीही थोर असले तरी पावसाळी पट्ट्यात पाने सांभाळावी लागतात. ‘पापा मेयाँ’चा सुगंध ज्याला सोडवत नाही त्याने तो लावावा, पण फवारणीची तयारी ठेवून. ‘क्वीन एलिझाबेथ’ काटेकोरपणे या गटातला नाही, पण उंच, दणकट, खतापाण्याला फारशी कुरकुर न करणारा; नवख्याने पहिला मोठा गुलाब म्हणून हा घ्यावा.

झुबक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडा गटात ‘आइसबर्ग’ हा कॉर्डेस यांचा १९५८ चा पांढरा वाण अजून टिकून आहे. कोरड्या हवेत तो फारच समाधानी. पुण्याच्या भुरभुरीत मात्र ठिपके घेतो आणि नंतर भरून येतो. देशावरच्या बागेला, म्हणजे सोलापूर-संभाजीनगर भागाला, तो उत्तम.

पॉलिअँथा, चायना आणि टी हे जुने गट आपण विसरलो आहोत आणि तिथेच नुकसान करून घेतो. फुले लहान किंवा सैल, प्रदर्शनात बक्षीस नाही. पण ही झुडपे उष्ण हवेत वर्षभर फुटत राहतात आणि गेलेली पाने लवकर भरून काढतात. ‘द फेअरी’ १९३२ चा. कठड्यावरून खाली सोडला तर जागा भरून टाकतो. टी गटाला थंडीतल्या भुरीची थोडी भीती आहे, म्हणून त्याला सकाळच्या उन्हाची जागा द्यावी.

नर्सरीत ‘काश्मिरी’ किंवा ‘बटण’ म्हणून मिळणारे छोटे गुलाब हा नावांचा गोंधळ आहे. त्या नावाखाली दर ठिकाणी वेगळे वाण असतात. त्यातले बरेच काटक निघतात, पण खात्री रोप पाहूनच. घराघरांतला गावठी गुलाबी गुलाब, ज्याचा गुलकंद करतात, तोही पावसात ठिपके घेतो. मात्र छाटला की पुन्हा जोमाने फुटतो. सहनशील वाण म्हणजे काय हे पाहायचे असेल तर त्याच्याकडे पाहावे.

‘डच गुलाब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपांपासून मात्र सावध. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधले ‘टॉप सीक्रेट’, ‘ताजमहाल’ यांसारखे वाण लांब दांडा आणि फुलदाणीतले आयुष्य यांसाठी निवडलेले असतात. डोक्यावर प्लास्टिक, ठिबकने मोजून पाणी, वेळापत्रकाने फवारणी. यांत वाढलेले झाड अंगणातल्या पावसात उघडे पडते.

डेव्हिड ऑस्टिन यांचे इंग्लिश रोझ दिसायला मोहक. या गटातल्या जुन्या वाणांपेक्षा नंतरचे निरोगी म्हणून ओळखले जातात, पण इंग्लंडच्या उन्हाळ्यात निवडलेल्या झाडाला आपला एप्रिल-मे जड जातो. आणि जगात सर्वांत निरोगी पानाचा म्हणून ज्याचा दाखला देतात तो रोझा रुगोझा आपल्या यादीतून आधीच वगळावा. त्याला उष्णता सोसत नाही आणि चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात. निरोगीपणाची परदेशी यादी इथे का चालत नाही, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण.

रोप घेताना

बहुतेक रोपांवर नाव नसते. ‘लाल’, ‘पिवळा’, ‘दुरंगी’ एवढीच ओळख. मग निवड डोळ्यांनी करावी लागते, आणि त्यासाठी डिसेंबर हा सर्वांत वाईट महिना. फूल तेव्हा भरात असते, काळे ठिपके दिसत नाहीत आणि रोपावर नुकतीच फवारणी झालेली असते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नर्सरीत जावे. तेव्हा जे रोप बुडापर्यंत पानांनी भरलेले आहे ते बाजूला काढावे, मग त्याला फूल नसले तरी चालेल. शेंडा हिरवा आणि बूड उघडे असेल तर खालची पाने रोगाने गेली की सावलीने, हे फांदीवर अडकलेली जुनी पाने पाहून ठरवावे. त्याहून चांगले म्हणजे ओळखीच्यांच्या, फवारणी न करणाऱ्यांच्या बागा त्याच आठवड्यात पाहाव्यात आणि आवडलेल्या झाडाची काडी मागून घ्यावी किंवा डोळा भरून घ्यावा. देशावर राहणाऱ्यांनी हीच फेरी जानेवारीत पुन्हा मारावी, म्हणजे भुरीची परीक्षाही होते. दोन्ही महिन्यांत उत्तीर्ण झालेले झाड आपल्या हवेचे.

चांगला वाणही चुकीच्या जागी हरतो. किमान सहा तास ऊन, त्यातही सकाळचे. दोन झुडपांत अडीच-तीन फुटांचे अंतर. पाणी सकाळी आणि मुळाशी, पानावर नाही. जूनमध्ये बुडाची फूटभर उंचीपर्यंतची पाने काढून टाकावीत आणि मुळाशी उसाच्या पाचटाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, म्हणजे मातीवरचे शिंतोडे पानापर्यंत पोचत नाहीत. या पाचोळ्यात गळलेली रोगट गुलाबपाने मात्र नकोत. ती वेचून बागेबाहेर टाकावीत. युरिया सढळ हाताने दिला की लुसलुशीत पालवी येते आणि भुरीला आमंत्रण मिळते. शेणखत, निंबोळी पेंड यांवर भागवावे.

फवारणी पाप आहे असे या आढाव्याचे म्हणणे नाही. एखादा ‘डबल डिलाइट’ जिवापाड आवडत असेल, तर भुरीची सुरुवात दिसताच पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, आणि पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रण, एवढ्यावर तो सांभाळता येतो. गंधक मात्र कडक उन्हात मारू नये, पान भाजते. चूक होते ती बागेतले सगळेच गुलाब असे निवडण्यात. दहा झुडपांत दोन नाजूक आणि आठ काटक असतील, तर बाग माळ्याची चाकरी करते; उलटे असेल तर माळी बागेची.

आपल्याकडच्या रोपावर एडीआरसारखे चिन्ह नसते, आणि ते येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. गावोगावच्या रोज सोसायट्या दरवर्षी प्रदर्शने भरवतात. त्यांनी नियमावलीत एक वर्ग वाढवावा. सप्टेंबरअखेरीस, जूनपासून बुरशीनाशक न मारलेल्या झुडपाची फांदी, बुडाच्या पानांसकट. गुण सगळे पानाला, फूल असले-नसले सारखेच. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथे तीन वर्षे असा वर्ग चालला आणि निकाल वाणाच्या नावासकट छापले, तर महाराष्ट्राची स्वतःची यादी तयार होईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. फुलांवर भाळणाऱ्या परीक्षकांनी वर्षातून एक दिवस खाली वाकून पाने मोजायची तयारी दाखवली म्हणजे झाले.